मणके जोडायचे, पण तंबाखूचं काय?

प्रश्न : ह्यांची कंबर ३ वर्षं दुखते आहे. डॉक्टर स्क्रू घालून मणके जोडायचं म्हणतात. करावं का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : आधी उभ्याने, पुढे वाकून आणि मागे झुकून असे एक्स-रे काढून घ्या. मणका सरकत असेल, पायात कळ उतरत असेल, तर ऑपरेशनचा उपयोग होण्याची शक्यता बरी. नुसती कंबर दुखते आणि एमआरआयमध्ये दोन मणक्यांमधली चकती झिजलेली दिसते, एवढ्यावर घाई नको. चाळिशीनंतर काहीच न दुखणाऱ्यांच्याही चकत्या झिजलेल्या दिसतात.

स्क्रू आणि सळ्या मणके फक्त धरून ठेवतात. खरा जोड तिथे भरलेल्या हाडाच्या तुकड्यांचा. तो पक्का व्हायला ६ महिने ते वर्षभर लागतं. निकोटिनमुळे तिथला रक्तपुरवठा घटतो, हाड न जुळण्याची भीती वाढते, आणि जुळलं नाही तर स्क्रू सैल होतात, कधी सळी मोडते. निपाणीकरांना हे सांगणं अवघडच, पण विडी काय अन् चुना लावून मळलेली तंबाखू काय, निकोटिन तेच. ऑपरेशनआधी किमान महिनाभर आणि नंतर हाड जुळेपर्यंत बंद.

पहिले ३ महिने खाली वाकणं, कंबर पिळणं, भरली घागर उचलणं नाही. लघवीवरचा ताबा गेला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर मात्र त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.