इंदूरच्या सियागंज बाजारातल्या दुकानाच्या पीसीवर विंडोज १० की लिनक्स मिंट (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम), सुरक्षित कोणतं?

आज या दोन्हींत मिंटच, कारण विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. नावापेक्षा पॅच, म्हणजे फट बुजवणारं अपडेट, महत्त्वाचा: वॉनाक्राय हा फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस (रॅन्समवेअर) मे २०१७मध्ये ज्या फटीतून पसरला, तिचा पॅच मार्चमध्येच आला होता, ज्यांनी टाकला नाही ते अडकले. मात्र टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. हिशेब तिच्यात असेल तर विंडोज ११ घ्या. आधी विंडोज सिक्युरिटीत ‘डिव्हाइस सिक्युरिटी’ उघडून सिक्युरिटी प्रोसेसरच्या तपशिलात टीपीएम २.० (विंडोज ११ला लागणारी सुरक्षा चिप) आहे का पाहा. मुनीमजींना ॲडमिन खातं मुळीच देऊ नका. आणि बॅकअपचा पेनड्राइव्ह काम झालं की लगेच काढा. लावलेला राहिला तर रॅन्समवेअर त्यातल्या फायलीही लॉक करतं.