लांडटाग: विधानसभेच्या नावात 'दिवस' कसा?

प्रश्न असा आहे: जर्मनमध्ये 'लांड' म्हणजे राज्य आणि 'टाग' म्हणजे दिवस. मग 'लांडटाग'चा अर्थ राज्याचं कायदेमंडळ कसा झाला, आणि मराठीत सरळ 'विधानसभा' लिहावं का?

'टाग' म्हणजे दिवस हे खरंच. पण जुन्या वापरात तो नेमलेला दिवसही होता, निवाड्यासाठी किंवा मसलतीसाठी जमण्याचा. 'उद्या कोर्टात तारीख आहे' म्हणताना आपल्याला सुनावणीच अभिप्रेत असते, तसाच तिकडे 'दिवस' म्हणजे बैठक झाला. म्हणूनच 'टागन' म्हणजे सभा भरणे आणि 'फेरटागन' म्हणजे ती पुढे ढकलणे. राजा किंवा ड्यूक बोलावील तेव्हा आणि बोलावील तिथे सरदार, धर्मगुरू, शहरांचे प्रतिनिधी जमत, करांना मंजुरी देत आणि आपापल्या गावी परतत.

हा शब्द पुढे किती निरनिराळ्या छपरांखाली नांदला, ते ड्युसेलडॉर्फ या जर्मन शहरात फार छान दिसतं. प्रशियाच्या राजवटीत ऱ्हाइन प्रांताची लांडटाग तिथे भरायची. 1872 मध्ये ती जिथे भरे तो राजवाडा जळाला, तेव्हा युलियस राशडॉर्फ या वास्तुविशारदाकडून 'श्टेंडेहाउस' बांधून घेतलं गेलं. ते 1880 मध्ये पुरं झालं. 'श्टेंडे' म्हणजे समाजातले वर्ग. त्या सभेत जागा वर्गवार वाटलेल्या असत, तेच इमारतीच्या नावात उतरलं.

दुसऱ्या महायुद्धात श्टेंडेहाउसची पडझड झाली. 1946 मध्ये ब्रिटिशांनी नॉर्थ राइन-वेस्टफालिया हे नवं राज्य जोडून तयार केलं आणि त्याची लांडटाग 2 ऑक्टोबरला भरली ती चक्क ऑपेरागृहात! सदस्य 200, सगळे ब्रिटिशांनी नेमलेले. निवडणूक झाली एप्रिल 1947 मध्ये. नंतरच्या बैठका साबण बनवणाऱ्या हेन्केल कंपनीच्या कारखान्यातल्या सभागृहात होत. 1949 मध्ये दुरुस्त श्टेंडेहाउस मिळालं, 1988 मध्ये ऱ्हाइनकाठी गोल सभागृहाची नवी वास्तू. श्टेंडेहाउसमध्ये आता कलासंग्रहालय आहे. मला यातला कारखान्याचा काळ सर्वांत मोलाचा वाटतो. शहर ढिगाऱ्यात होतं, तरी बैठक चुकली नाही.

आता मराठीचं. 'विधानसभा' बिनधास्त लिहा. जर्मन राज्यांत आज विधान परिषदेसारखं दुसरं सभागृह नाही. बायर्नमध्ये, म्हणजे बव्हेरियात, सेनेट होतं, तेही 1999 अखेर संपलं. मात्र 'लांडटाग' हे नाव सोळापैकी तेराच राज्यांत चालतं. बर्लिनमध्ये 'आबगेओर्डनेटेनहाउस', म्हणजे प्रतिनिधिगृह, तर हॅम्बुर्ग आणि ब्रेमेनमध्ये 'ब्युर्गरशाफ्ट', म्हणजे नागरिकमंडळ. म्हणून पहिल्या उल्लेखात मूळ नाव द्यावं, पुढे 'विधानसभा'. मूळ शब्दच ठेवायचा तर जर्मनमध्ये तो पुल्लिंगी असला, तरी मराठीत 'लांडटाग भरली' असं स्त्रीलिंगीच कानाला बरं लागतं. इमारतीबद्दल लिहिताना 'लांडटागची इमारत' म्हणावं, कारण जर्मनमध्ये सभा आणि वास्तू दोन्हींना हाच शब्द वापरतात आणि वाचकाचा गोंधळ होतो.