सापळ्यात नर भरपूर, तरी शिराळी किडकी का?

प्रश्न: गोराईला आमच्या मांडवावर शिराळी, कारली आणि काकडी आहे. सापळ्यात रोज माश्या सापडतात, तरी कोवळी फळं वाकडी होऊन सडतात. आरेतल्या पाड्यावर आमची बहीण भाजी करते, तिथंही हेच. फळमाशी सापळ्याला सरावली का?

उत्तर: दादा, आधी सापळ्यातला ल्यूर, म्हणजे माशीला ओढणारं वासाचं आमिष, बघा. वेलभाज्यांना क्यू ल्यूर लागतो. आंब्यासाठीचा मिथाईल युजेनॉल टांगला असेल, तर त्यात आंब्यावरची फळमाशी भरते आणि वेलीवरची मोकळी राहते. घाईत पाहिलं तर दोन्ही सारख्याच दिसतात.

ल्यूर बरोबर असला तरी त्यात येतात ते बहुतेक नरच. फळाला डंख मारून अंडी घालते ती मादी. एक नर अनेक माद्यांना पुरतो, म्हणून थोडे नर उरले तरी नुकसान चालूच राहतं. तुमच्याकडे बहुधा हेच होतंय.

सरावण्याबद्दल विचारलंत ते बरं केलंत, कारण हा धोका खरा आहे. दिवेलागणीला मांडवाखाली उभं राहून बघा. नर एकेक पान धरून बसतो, पोटावरच्या राठ केसांच्या रांगेवर पंख घासून गुणगुणतो आणि धुरासारखा बारीक गंध सोडतो. मादी पारख करून मगच जवळ येते. हे त्याला कुणी शिकवत नाही, ते जनुकांतून उतरतं. पिकल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या चिलटांमध्ये, म्हणजे ड्रोसोफिलात, ‘फ्रूटलेस’ नावाचं जनुक आहे. त्याचं नरातलं रूप माद्यांमध्ये चालू केलं, तर त्या नरासारख्या दुसऱ्या माद्यांची मनधरणी करू लागल्या, हे 2005 मध्ये प्रयोगातून दिसलं.

जे रक्तातून उतरतं ते निवडीनं बदलतंही. वेलीवरची हीच माशी जपाननं वांझ केलेले नर सोडून (त्यांच्याशी जुळलेल्या मादीला पिल्लं होत नाहीत) 1993 पर्यंत ओकिनावा बेटांवरून संपवली. पण त्या मोहिमेतच वांझ नरांना नाकारणाऱ्या रानातल्या माद्या आढळल्या. या माशीतल्या लवकर वाढणाऱ्या माश्याच पिढ्यान्‌पिढ्या निवडत गेलं, की शरीरातलं घड्याळ जलद चालतं आणि मीलनाची वेळही अलीकडे सरकते, हेही तिथल्या संशोधकांनी दाखवलं. सापळाही निवडच करतो: वासाला भुलणारे नर मरतात, न भुलणाऱ्यांची प्रजा वाढते. आंब्यावरच्या माशीत प्रयोगशाळेत हे घडवून पाहिलेलं आहे. एकट्या सापळ्यावर विसंबू नका, हे मी कळकळीनं सांगतोय ते यासाठीच.

आता करायचं काय? डंख लागलेलं प्रत्येक फळ रोज वेचा. बांधावर किंवा उकिरड्यावर टाकलंत तर आतल्या अळ्या मातीत उतरून कोष करतात आणि नवी पिढी तुमच्याच मांडवावर येते. फळं दोन फूट खोल पुरा, किंवा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा. बहीण आणि शेजाऱ्यांनीही हे एकाच वेळी करायला हवं, माशी बांध ओळखत नाही. वेलीखालची माती अधूनमधून हलवा. कारल्याला फळ धरताच कागदी पिशवी घाला. अंडी पिकायला मादीला प्रथिनं लागतात, म्हणून प्रथिनयुक्त विषारी आमिष मोजक्या जागी लावा, ते माद्याही टिपतं. क्यू ल्यूरचे सापळे एकरी 4 ते 5 ठेवा, मांडवाच्या उंचीवर, आणि ल्यूर पाकिटावरच्या मुदतीत बदला. मेलेल्या माश्या काढून टाकत जा, पावसाचं पाणी आत साचू देऊ नका.