फोनिक्सचा क्लास निवडताना

प्रश्न : ताई, माझी मुलगी पाच वर्षांची, मोठ्या शिशुगटात आहे. घराजवळ फोनिक्सचे, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून इंग्रजी वाचायला शिकवणारे, दोन क्लास आहेत. एकाची सहा महिन्यांची फी 12 हजार, सोबत किट आणि ॲप. दुसऱ्या बाई घरीच शिकवतात, महिना 800 रुपये; त्यांच्याकडे फळा आणि हाताने लिहिलेली कार्डं. सासूबाई म्हणतात, महाग तेच चांगलं असणार. काय करू?
– एक आई, सांगली

उत्तर : किट राहू द्या, कान उघडे ठेवा. दोन्हीकडे एकेक तास मागे बसू द्या म्हणून विचारा. 'बॅट'मधला पहिला आवाज बाई कसा काढतात ते ऐका. आपल्या मराठी तोंडाला 'ब' म्हटलं की मागून 'अ' येतोच. मग पोर जोडायला जातं आणि 'बअ-ॲ-टअ' असलं काहीतरी बाहेर पडतं. हवा असतो पाय मोडलेला 'ब्', झटक्यात तोडलेला. 'स्स्स्' आणि 'म्म्म्' मात्र खुशाल लांबवावेत. हे ज्या बाईंना जमतं, त्यांचं निम्मं काम झालं.

मग विचारा, सुरुवात कुठून करता? 'ए, बी, सी, डी' याच क्रमाने म्हणाले, तर पाटी तेवढी नवी आहे. एस, ए, टी, आय, पी, एन अशी सुरुवात बऱ्याच ठिकाणी करतात, कारण एवढ्या सहा अक्षरांत 'सॅट', 'पिन', 'टॅप', 'नॅप' असे कितीतरी शब्द होतात आणि मूल पहिल्या महिन्यातच वाचायला लागतं.

वाचायची पुस्तकंही चाळा. शिकवून झालेल्या आवाजांचेच शब्द त्यात हवेत. मी स्वतः कित्येक वर्षं 'सी-ए-टी कॅट' घोकून घेतलं. एकदा पुस्तकात कुत्र्याच्या पिल्लाच्या चित्राखाली 'पप' लिहिलं होतं, वर्गातल्या हुशार मुलाने ठणकावून वाचलं, 'डॉग'! चित्रावर हात ठेवला, तर गप्प. तो वाचत नव्हताच, ओळखत होता.

इंग्लंडमध्ये 2012 पासून पहिल्या इयत्तेच्या मुलांना 40 शब्द वाचायला देतात. त्यातले 20 चक्क निरर्थक, म्हणजे पाठांतर चालत नाही. तुम्हीही टी-ए-एस, एन-ए-एस असं काहीतरी कागदावर लिहून द्या. 'टॅस', 'नॅस' वाचलं, तर क्लास चालू ठेवा. ॲपचं म्हणाल, तर ते शब्द स्वतःच वाचून दाखवत असेल तर मुलगी फक्त ऐकते.

मुलगी मराठीत 'कमळ', 'बदक' वाचते का? वाचत असेल, तर आवाजाला आवाज जोडणं तिला आधीच कळलंय. 'कमळ' म्हणताना शेवटच्या 'ळ'मधला 'अ' आपण गिळतोच ना, तसाच इंग्रजीतही गिळायचा, असं सांगून बघा. आणि 'नॅप' नीट वाचला तरी त्याचा अर्थ डुलकी, हे तिला कुणीतरी सांगायला हवं. ते घरी करा.

पत्रावरून माझा कल आठशेवाल्या बाईंकडे आहे, पण त्यांचा 'ब्' ऐकल्याशिवाय हो म्हणू नका. बारा हजारांचंच ठरलं, तर हप्त्याने भरा. दोन महिन्यांनी ती 'टॅस' वाचते का बघून पुढचा हप्ता द्या.