त्या गोलकीपरनं तुझं काय घेतलंय?

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या गावातून पत्र आलंय. लिहिणारी आपल्या कोल्हापूरची, माहेर राजारामपुरीत, सासर मंगळवार पेठेत, तिकडे जाऊन 17 वर्षं झाली. पत्रात चार प्रश्न आहेत. तीन मी शेवटी दोन-दोन ओळींत उरकणार आहे, कारण चौथ्यानं माझी झोप उडवली. "मला अगं-तुगं करा" असं तिनंच लिहिलंय, म्हणून तसंच लिहिते.

ती म्हणते:

"ताई, येत्या शनिवारी आमच्या स्टेडियमवर बाहेरच्या विद्यापीठाचा संघ येतोय. त्यांच्या एका जुन्या प्रशिक्षकाचं प्रकरण सध्या गाजतंय, लहान मुलांवरच्या अत्याचाराचं. आमचा थोरला इथंच पहिल्या वर्षाला आहे. त्यानं आणि मित्रांनी त्या प्रकरणावर एक घोषणा रचलीय आणि टी-शर्टवर छापून घेतलीय. मॅचला आम्ही सगळेच जाणार, नऊ वर्षांची धाकटीसुद्धा. मला ते वाचून कसंतरीच झालं. पण हे म्हणाले, 'असू दे की. शाहू स्टेडियमवर आम्ही काय आरत्या म्हणायचो काय? ग्राउंडवर सगळं चालतं.' मुलगा म्हणतो, आई, तुला फुटबॉलमधलं काही कळत नाही. मग मी गप्प बसले. टी-शर्ट चुरगळले होते, तेवढी इस्त्री करून दिली."

तेवढी इस्त्री करून दिलीस. अगं, इस्त्री फिरवताना ती अक्षरं डोळ्यांसमोर होती ना? छापील अक्षरांवरून इस्त्री जात नाही, टी-शर्ट उलटा करावा लागतो. म्हणजे वाचलंस, उलटा केलास, आणि आतून इस्त्री फिरवलीस. मी रागावून लिहीत नाही. मीही एकदा असंच काहीतरी करून दिलं होतं, ते पुढे येईलच.

आधी तुझ्या नवऱ्याचं बघू. मीही त्यांच्याच पेठांमधली. इतकी वर्षं बाहेर काढून परत आले तीसुद्धा शाहू स्टेडियमच्या हाकेच्या अंतरावर. पाटाकडील आणि दिलबहार ह्या आपल्या तालमींच्या संघांची फुटबॉल मॅच असली की गच्चीत उभं राहून नुसत्या आवाजावरून गोल कुणाचा झाला ते मी सांगते. खंडोबा, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी, ही नावं नुसती ऐकली तरी परदेशात काळजात काय होतं ते मला माहीत आहे. त्या पायऱ्यांवर आरत्या कुणीच म्हटल्या नाहीत, हे खरं. पण तिथं सगळं चालायचं, हे खरं नाही.

माझा भाऊ सहावीत होता, मी आठवीत. बाहेरगावच्या एका कॉलेजचा संघ खेळायला आला होता. त्यांच्या हॉस्टेलच्या एका सरांचं घाणेरडं प्रकरण तेव्हा पेपरात येऊन गेलेलं. वडील भावाला घेऊन मॅचला गेले. गोलपोस्टच्या मागच्या बाजूला बसलेल्या पोरांनी त्या सरांचं नाव घेऊन गोलकीपरला काहीबाही विचारायला सुरुवात केली. आधी चार जण, मग चाळीस. माझा भाऊही ओरडला. त्याला अर्थ कळत होता की नाही, देव जाणे. वडिलांनी त्याचा हात धरला आणि हाफटाइमच्या आधीच त्याला बाहेर काढलं. मिरजकर तिकटीपर्यंत एक शब्द नाही. घरी आल्यावर पाय धुऊन, पुसून, मग विचारलं, "त्या गोलकीपरनं तुझं काय घेतलंय?"

भाऊ नुसता उभा. रात्री अंथरुणात त्यानं मला सांगितलं, "तायडे, त्याचे कान लाल झाले होते. आणि तो सारखे हातमोजे काढून परत घालत होता." भाऊ आज साठीच्या पुढे आहे. त्या मॅचचा निकाल त्याला आठवत नाही. हातमोजे आठवतात.

आपल्या गावाला कॉलेजच्या पोराची किंमत बाहेरून कुणी येऊन शिकवावी अशी वेळ नाही. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचेच विद्यार्थी. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे कमी पडत होते, तेव्हा कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. त्यातून कांस्यपदक आलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. आणि खासबाग? शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या मैदानात उत्तरेकडचे मल्ल येऊन लढले, आणि बाहेरच्या गड्यानं देखणा डाव टाकला तर आपल्याच माणसांनी फेटे उडवले. हे सगळं तुझे सासरे तुझ्या नवऱ्याला सांगून गेले असणार. त्यांना फक्त आठवण करून दे.

आता तिकडची गोष्ट. 2011 साली आम्ही ओहायोत, कोलंबसला होतो. त्या नोव्हेंबरात पेन स्टेट विद्यापीठाचं सँडस्की प्रकरण बाहेर आलं. गरजू मुलांसाठी संस्था काढलेला माणूस, फुटबॉल संघाचा जुना सहायक प्रशिक्षक, आणि त्याच संस्थेतल्या मुलांवर वर्षानुवर्षं अत्याचार. 9 नोव्हेंबरला मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नो यांना काढलं, तर त्याच रात्री त्यांच्या चाहत्यांनी रस्त्यावर उतरून टीव्हीवाल्यांची गाडी उलटी केली. ते टीव्हीवर बघताना आमच्या घरात सगळे म्हणाले, काय ही माणसं!

पण तीनच दिवसांनी, 12 तारखेला, नेब्रास्काचा संघ त्यांच्याकडे खेळायला गेला, तेव्हा त्याच गावात काय झालं ते तुझ्या मुलाला जरूर दाखव. सामना सुरू व्हायच्या आधी दोन्ही संघांची पोरं मैदानाच्या मधोमध आली, एकमेकांत मिसळून गुडघ्यांवर बसली आणि नेब्रास्काच्या एका प्रशिक्षकानं प्रार्थना म्हटली. एक लाखाहून जास्त माणसं आणि टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. प्रेक्षक अत्याचार सोसलेल्या मुलांसाठी निळे कपडे घालून आले होते. माजी विद्यार्थ्यांनी त्या दिवसांत अत्याचारग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेला लाखो डॉलर जमवून दिले. हेही चाहतेच.

पुढच्या शनिवारी, 19 तारखेला, तो संघ आमच्या कोलंबसला येणार होता. माझा मुलगा तेव्हा दहावीत. शुक्रवारी संध्याकाळी त्यानं जेवणाच्या टेबलावर मोठा पुठ्ठा पसरला आणि सँडस्कीच्या नावावरून एक वाक्य लिहायला घेतलं. त्याचा मार्कर वाळला होता. नवा मी आणून दिला. तू इस्त्री केलीस, मी मार्कर दिला.

त्या रात्री आमचे एक स्नेही जेवायला आले होते, आपल्याच भागातले, ह्यांच्या ओळखीचे. ह्यांनी हसत हसत तो पुठ्ठा त्यांना वाचून दाखवला. सगळे हसले, तेही हसले. मग पोटात बरं वाटत नाही म्हणाले आणि ताट तसंच ठेवून उठले. वाटीतला तांबडा रस्सा भरलेला, भाकरीचा एक तुकडा मोडलेला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, गाडीत बसले होते, आतला दिवा लागलेला. बराच वेळ गाडी सुरूच केली नाही.

चार वर्षांनी त्यांनी मला सांगितलं. मी लिहितेय ते त्यांच्या परवानगीनं. "वहिनी, मी अकरा वर्षांचा असताना आमच्या शिकवणीच्या सरांनी... त्या दिवशी तुम्ही सगळे हसलात ना, तेव्हा मला वाटलं, कुणीतरी माझंच सांगितलंय."

बाई गं, तुमच्या स्टेडियममध्ये असे किती जण बसलेले असतील? तुमच्याच रांगेत असतील, तुमच्याच संघाचे रंग घालून. तुझ्या मुलाच्या टी-शर्टवरचा विनोद प्रशिक्षकावर आहे असं त्याला वाटतंय. तो प्रशिक्षक तिथं नसणार. मैदानावर असतील विशी-बाविशीतली पोरं. सँडस्की 1999 सालीच निवृत्त झाला होता. 2011 च्या संघातली मुलं तेव्हा सहा ते दहा वर्षांची, म्हणजे त्यानं ज्यांना हेरलं जवळजवळ त्याच वयाची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर संन्यासी वयानं चोराच्या सावजाएवढा होता. ज्यांनी खरोखर डोळेझाक केली ते तर मैदानावर कधी उतरलेच नव्हते. 2001 साली तक्रार कानावर येऊनही पोलिसांकडे न गेलेल्या विद्यापीठाच्या तीन बड्या अधिकाऱ्यांना कोर्टानं 2017 मध्ये शिक्षा सुनावली, त्यांतले एक खुद्द अध्यक्ष. ती माणसं ऑफिसांत बसत होती.

तर आता काय करायचं. मॅचला जाऊ नको असं मुलाला म्हणू नकोस. मॅचला जावं, घसा बसेपर्यंत ओरडावं, फाउल झाला तर हुर्यो करावी, प्रतिस्पर्ध्याचा बॉल सुटला तर नाचावं. त्यात मी तुझ्या नवऱ्याच्या बाजूनं आहे. फक्त तो टी-शर्ट घरी राहील. आणि स्टँडमध्ये बाकीच्यांनी ती घोषणा सुरू केली, तर आपण तोंड मिटून बसायचं. भांडायला जायचं नाही, उपदेश करायचा नाही. आपल्या रांगेत चार तोंडं बंद राहिली तरी शेजारच्याला ते कळतं.

बोलशील तेव्हा नवऱ्याशी आधी बोल, मुलाच्या देखत नको. त्यांना पेठेची लाज वाटेल असं काही बोलू नकोस, पेठेचा अभिमान वाटेल असं बोल. मग शुक्रवारी मुलाला जेवायला घरी बोलव आणि माझ्या भावाची गोष्ट सांग. फुटबॉल तुला कळत नाही म्हणाला ना? त्या गोष्टीत फुटबॉल फारसा नाहीच. आमच्या स्नेह्यांचीही सांग, नाव मी दिलेलं नाहीच. त्यानं उलटून विचारलं की मग त्या विद्यापीठाला जाब कुणी विचारायचा, तर खूश हो, प्रश्न बरोबर आहे. त्याला म्हणावं, आधी तुझ्या विद्यापीठाला विचार. उन्हाळ्यात कॉलेजांच्या मैदानांवर लहान मुलांची खेळांची शिबिरं भरतात. तिथं मुलांबरोबर एकटं कोण असतं, तक्रार आली तर ती कुणाकडे जाते, पोलिसांना कोण कळवतं? एका ईमेलचं काम आहे. उद्या असंच प्रकरण तुमच्याच विद्यापीठात निघालं तर त्याला गाडी उलटणाऱ्यांत उभं राहायचंय की निळे कपडे घालणाऱ्यांत, हेही आत्ताच बोलून घ्या. आपल्या संघावर आलं की माणसाचं डोकं फिरतं, तेव्हा बोलणं होत नाही.

आणि धाकटी. तिला तर मी सगळ्यांत आधी घ्यायला हवं होतं. तिनं तो टी-शर्ट वाचला असेल, नऊ वर्षांच्या मुलीला वाचता येतं. उद्या तिच्या बाबतीत कुणी काही वावगं केलं आणि ते घरी सांगायची वेळ आली, तर तिला काय आठवेल? दादा आणि बाबा ह्या गोष्टीवर हसले होते, आणि आईनं इस्त्री केली होती. तिला जवळ घेऊन एवढंच सांग की ते लिहिणं आमची चूक होती, आणि असं काही कधी झालं तर तू आम्हाला सांगायचंस, आम्ही हसणार नाही. हे शनिवारच्या आत झालं पाहिजे. बाकी सगळं राहिलं तरी चालेल.

तुझे उरलेले प्रश्न. सासूबाई सहा महिन्यांसाठी येतायत आणि कंटाळतील म्हणतेस: त्यांना स्वयंपाकघरात एक कप्पा स्वतःचा दे आणि कांदा-लसूण चटणी त्यांच्या हातची करवून घे. धाकटी मराठीत उत्तर देत नाही: तू मराठीत बोलत राहा, आजी आल्या की अर्धं काम होईल. राजारामपुरीतला फ्लॅट विकावा का: भावाशी आणि वकिलाशी बोल, मला त्यातलं विचारू नकोस.

आमच्या त्या स्नेह्यांना माझ्या मुलानं स्वतः फोन केला होता, नोकरीला लागल्यावर. काय बोलला ते मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तो पुठ्ठा मात्र त्यानं 2011 च्या त्या शनिवारी मैदानावर नेला होता. मॅच पेन स्टेटनं 20-14 अशी जिंकली, आणि घरी येऊन त्यानं पुठ्ठा गॅरेजमध्ये भिंतीकडे तोंड करून ठेवला. कोलंबसचं घर विकताना तो मला तिथं सापडला. शनिवारी काय झालं ते कळव.