पद्मिनी गरम झाली की बंद पडते? आधी करंट बघा, फडकं नंतर

तुमची ८६ ची प्रीमियर पद्मिनी सकाळी छान चालते, पाऊण तासाने ट्रॅफिकमध्ये बंद पडते, वीस मिनिटांनी आपोआप चालू होते. कार्बोरेटर दोनदा खोलून झाला आणि आता मेकॅनिक म्हणतोय व्हेपर लॉक आहे (म्हणजे उष्णतेने पाइपात किंवा पंपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडतो), इलेक्ट्रिक पंप टाका. टाकावा का, असं विचारलंय तुम्ही.

व्हेपर लॉक हे दोन शब्द वाचले आणि राहवलं नाही.

आमची पद्मिनी वडिलांची. साताऱ्याला जाताना ती हमखास खंबाटकी घाटात बसायची. बसली की मोठे काका उतरायचे, बॉनेट उघडायचे, टॉवेल भिजवून एसी पंपावर, म्हणजे इंजिनवरच्या पेट्रोलच्या पंपावर, टाकायचे. मग सगळ्यांनी कठड्यावर बसून शेंगा खायच्या. थोड्या वेळाने सेल्फ मारला की गाडी चालू! काका आमच्याकडे असे बघायचे की जणू मुडद्यात जीव घातला. अहो, तेवढ्या वेळात अख्खं इंजिन गार होत होतं, नुसता पंप नाही. पण काकांपुढे बोलायचं कोणी? त्यांची हयात बसच्या डेपोत गेलेली. डिझेलला ना ठिणगीचा प्लग, ना ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज बनवणारी कॉइल, ना कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट, हे घरात कुणाच्या ध्यानात येत नव्हतं.

मला पहिल्यापासून कॉइलचा संशय होता. कारण गाडी गचके न खाता बंद पडायची, चावी फिरवून बंद करावी तशी. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन आधी मिसिंग करतं, ओढ जाते, अॅक्सिलरेटर दाबला की गुदमरतं. करंट गेला तर एका क्षणात शांत. तुमची कशी बंद पडते ते तुम्ही लिहिलंच नाहीये, आणि खरं तर अर्धं निदान तिथेच आहे.

एकदा जुन्या बाजारातून वापरलेली कॉइल आणून डिकीत ठेवली. पुढच्या वेळी घाटात गाडी बसली तेव्हा काका पाण्याची बाटली शोधेपर्यंत मी डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या भागाच्या) कॅपमधून कॉइलकडून येणारी मधली वायर उपसली, टोक इंजिनच्या ब्लॉकपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरलं आणि चुलतभावाला सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगीच नाही. कार्बोरेटरला येणारा पाइप काढून बाटलीत धरला, तर पेट्रोलची पिचकारी व्यवस्थित. कॉइलला हात लावला तर चटका. डिकीतली कॉइल जोडली, गाडी लगेच चालू झाली. पंप तेव्हाही तापलेलाच होता, फडकं कोरडं. काका म्हणाले, "तेवढ्यात पंप निवला असेल." यावर काय बोलणार?

कॉइलच्या आत केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतात. एखाद्या जागी तार तुटत आली असेल तर गरम झाल्यावर सांधा उघडतो, गार झाल्यावर पुन्हा टेकतो. म्हणून गॅरेजमध्ये गार गाडी तपासून काही सापडत नाही आणि बिचाऱ्या कार्बोरेटरला पुन्हा पुन्हा खोलतात. दोष हजर असताना, पहिल्या दोन-तीन मिनिटांतच बघायचं. बाकी आमची कॉइल कशाने भाजली असेल म्हणता? इंजिन बंद आणि चावी ऑन ठेवून टेप ऐकत बसायची सवय कुणाला होती, तर काकांना. पॉइंट मिटलेल्या जागी इंजिन थांबलेलं असलं की कॉइलमधून तीन-चार अँपिअर नुसते वाहत राहतात.

कॉइल बदलूनही तेच झालं तर कंडेन्सर (पॉइंटवर ठिणग्या उडू न देणारा छोटा भाग) आणि डिस्ट्रिब्युटरच्या आतली पॉइंटला जाणारी छोटी वायर बघा. ती वरून धड दिसते, आत तुटलेली असते. कंडेन्सर नवा आणला तरी जुना फेकू नका, हल्लीचे काही नवे कंडेन्सर डब्यातूनच मेलेले निघतात. टाकीचं झाकणही एकदा तपासा. बंद पडल्यावर ते उघडताना हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला तर हवेचं भोक बुजलंय.

व्हेपर लॉक नसतोच असं मी म्हणत नाही. पंप इंजिनला चिकटलेला, टाकी मागे, त्यात आता इथेनॉलचं पेट्रोल. उन्हाळ्यात होऊ शकतो. पण करंट असताना पाइपमधून पेट्रोल येत नसेल तरच त्याचं नाव घ्या. आणि वायर उघड्या हाताने धरू नका, इन्सुलेटेड पक्कड वापरा. पेट्रोल बघताना कॉइलची मधली वायर नीट अर्थ करून (इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट टेकवून) ठेवा आणि आसपास कुणाला सिगारेट पेटवू देऊ नका. हे आधी लिहायला हवं होतं.

इलेक्ट्रिक पंप आत्ता नको. पुढे टाकलाच तर टाकीजवळ बसवून घ्या, बॉनेटखाली नाही. त्याला पेट्रोल ढकलायला जमतं, लांबून ओढायला नाही. आणि मेकॅनिकने फडकं काढलंच तर त्याला आधी ठिणगी दाखवायला सांगा.