चावी लपवण्याआधी

"बाबांना गाडी सोडायला सांगा ना, मॅडम." छत्रपती संभाजीनगरच्या माझ्या समुपदेशनाच्या केबिनमध्ये हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की एक अनुभव लिहावासाच वाटला. संबंधितांच्या परवानगीने, ओळख बदलून.

काका ६६ वर्षांचे, मूळचे उदगीरकडचे, वाळूजच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. तरुणपणी माळावर शर्यती मारल्या, पुढे भंगारातल्या जुन्या गाड्या आणून उभ्या करायचा नाद लागला. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन गाड्या, पण जीव येझदी मोटरसायकलवर. किक आणि गिअर एकाच दांडीवर असलेली ती गाडी त्यांच्याशिवाय घरात कुणालाच सुरू करता येत नाही.

दिवाळीनंतर दौलताबादच्या घाटात ते घसरले. मनगट मोडलं. प्लास्टर निघायच्या आत मुलाने चावी लपवली. काकांनी ती मागितलीही नाही. शेडमध्ये जाणं सोडलं, जेवणावरचं मन उडालं.

पहिल्या दोन भेटींत मुलगाच बोलला. "काही झालं तर?" हेच पुन्हा पुन्हा. काका खिडकीबाहेर बघत बसले. शेवटी मी म्हटलं, "काका, पुढच्या वेळी गाडीचा एखादा भाग घेऊन या." ऐन वेळी सुचलेलं हे वाक्य, त्याचं मला आजही समाधान आहे.

जुन्या बनियनच्या फडक्यात गुंडाळून त्यांनी कॉन्टॅक्ट ब्रेकरची प्लेट आणली, म्हणजे इंजिनाची ठिणगी पाडणारे पॉइंट जिच्यावर असतात ती. सोबत फिलर गेज, फट मोजायच्या पातळ पात्यांचं. आवाज एकदम मोकळा झाला. "पॉइंटचा गॅप ०.४ मिलिमीटर. वाढला की वेगात ठिणगी कमजोर पडते, कमी झाला की पॉइंट जळतात." त्यांनी गेजची पाती फटीत घालायला घेतली. बसेना. चष्मा पुसला, पुन्हा घातली. तिसऱ्यांदाही हुकली. मग हात तसाच ठेवून म्हणाले, "दिसत नाही, मॅडम. रात्री तर समोरचा लाइट आला की रस्ताच जातो. दिवस मावळल्यावर गाडी काढायचं मी वर्षाआधीच सोडलो. कुणाला सांगितलो नाही."

"का?"

"सांगितलो असतो तर दिवसाचीपण बंद झाली असती."

मुलगा कितीतरी वेळ गप्प होता. ज्या माणसाला तो बेफिकीर समजत होता, त्याने आपली मर्यादा आपणच आखली होती. लपवली होती ती फक्त घरच्यांच्या धाकाने. धाकाने माणूस सावध होत नाही, गुपचूप होतो, हे माझं मत त्या दिवशी आणखी पक्कं झालं.

म्हणून घरच्यांना माझं सांगणं असं. 'काहीच होता कामा नये' ही मागणी आधी सोडा. ती कुणाच्याच हातात नाही. 'काय बदलता येईल?' असं विचारलं की रस्ते निघतात. डोळे तपासा. रक्तदाबाच्या गोळीने चक्कर येते का, हे डॉक्टरांना विचारा. पंचावन्नीनंतर लायसन्स दर ५ वर्षांनी नव्याने करावं लागतं, डॉक्टरांच्या दाखल्यासह. त्या तपासणीकडे निव्वळ कागद म्हणून बघू नका. आणि चालवणं थांबवावं लागलं, तरी शेडला कुलूप लावू नका. हातांना काम राहू द्या.

काकांना मोतीबिंदू निघाला, ऑपरेशन झालं. आता उन्हं असेपर्यंतच फेरी, हेल्मेट आणि हातमोजे घालून, कुठे चाललो ते सांगून. घाटात मुलगा सोबत. चावी दाराजवळच्या खिळ्यावर असते. पॉइंटचा गॅप मुलगा लावतो. काका टॉर्च धरून उभे राहतात, आणि पाती तिरकी गेली की ओरडतात.